सायीच्या रंगाचा बुलबुल

सुमनवहिनी निकमांच्या परसात येणारा तो फिकट बुलबुल खरा होता. मी त्याला दोन हिवाळे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तो पांढरा नव्हता. सायीच्या रंगाचा होता. डोकं जरासं तपकिरी, डोळा काळाभोर आणि शेपटीखालचा डाग मात्र इतर बुलबुलांसारखाच लालभडक. वहिनींनी त्याचे जे फोटो काढले, त्यांत त्यांनी रंगाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. नाशिकच्या पक्षी पाहणाऱ्या मंडळींत आजही कुणी ना कुणी हसत सांगतं की एका स्टुडिओवाल्या काकूंनी पक्ष्याला गोरं केलं होतं. पक्षी गोरा केला गेला होता, हे खरं आहे. पण तो वहिनींनी केला नव्हता.

वहिनी गेल्या उन्हाळ्यात गेल्या. आता सांगायचं राहिलेलं सगळं मलाच सांगायचं आहे.

रविवार कारंजाजवळच्या गल्लीत निकमदादांचा फोटो स्टुडिओ होता. मी चांदवडहून आलो आणि त्यांच्याकडे टचिंगला लागलो. टचिंग म्हणजे निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालचं काळं घालवायचं. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा तेच काम माऊसने करायला लागलो. दादा फोटो काढत, मी मागच्या खोलीत बसून माणसांना सुधारत असे. वहिनी काउंटरवर असत, आणि दादा लग्नाच्या ऑर्डरीला बाहेरगावी गेले की कॅमेऱ्यामागेही.

वहिनी देवळ्याच्या, कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. शहरात इतकी वर्षं काढूनही रागावल्या किंवा फार आनंदात असल्या की माहेरची अहिराणी तोंडात यायची. एरवी बोलणं कमी. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की दोनच वाक्यं: "हनुवटी जरा खाली. नजर इकडे." लहान मूल असो, नगरसेवक असो, रडून डोळे सुजलेली नवरी असो, वाक्यं तीच आणि आवाजही तोच.

रंगांच्या बाबतीत मात्र त्या भलत्याच काटेकोर. पांढरा हा शब्द त्या वापरतच नसत. "पांढरा म्हणजे नीट न बघितलेला," असं म्हणायच्या. मग कुठला तर चुन्याचा, मिठाचा, ताकाचा, सोललेल्या कांद्याचा, सायीचा. साडीच्या दुकानात त्या नोकराला म्हणायच्या, हा ताकाचा झाला, मला सायीचा दाखव, आणि तो बिचारा पुन्हा तीच थप्पी उलगडायचा. दादा दुकानाबाहेर उभे राहून मला सांगायचे, "तुझ्या वहिनीला चांदणं दाखवलं तरी विचारेल, कुठल्या डेअरीचं."

स्टुडिओचा खरा धंदा लग्नाच्या स्थळांसाठी लागणाऱ्या फोटोंचा होता. मुलीचा बाप मुलीला घेऊन यायचा, फोटो काढून व्हायचा आणि निघताना काउंटरवर वाकून हळूच म्हणायचा, "जरा उजळ करा बरं का." हे वाक्य आमच्याकडे नमस्कारासारखं नेमाने ऐकू यायचं. दादा मान डोलवायचे आणि मी मागच्या खोलीत काम करायचो. वहिनी काउंटरवर असल्या तर वेगळाच प्रकार. सिन्नरच्या एका गृहस्थांनी असं सांगितलं तेव्हा वहिनींनी पावतीपुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "लग्न कुणाचं लावताय भाऊ? फोटोचं का पोरीचं?"

ते गृहस्थ चिडले. दादांनी त्यांना चहा पाजला, समजूत काढली आणि मला डोळ्याने खूण केली. मी मुलगी उजळ करून दिली.

काही आठवड्यांनी ती मुलगी एकटीच स्टुडिओत आली. मुलाकडची मंडळी घरी आली होती. त्यांनी तिला पाहिलं, पोहे खाल्ले आणि तिच्यासमोरच तिच्या वडिलांना विचारलं की फोटोतली मुलगी कुठे आहे. वहिनींनी तिला मागच्या दारी नेलं, उघड्या उजेडात, भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि एक फोटो काढला. तो मोठा करून, काहीही न करता, शोकेसमध्ये अगदी मधोमध लावला. शेंगदाण्याच्या सालीचा रंग होता तिचा, आणि तो फोटो बघायला लोक रस्त्यात थांबायचे. मला वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, पेन्सिल डागाला लावा. रंगाला लावू नका." त्यांच्यादेखत मी पुन्हा कधी लावली नाही.

पुढे मोबाईल आले. लोकांना आपले चेहरे आपणच सुधारता यायला लागले आणि आमचं काम उरलं नाही. दादाही गेले. वहिनींनी दुकान भाड्याने दिलं आणि पंचवटीतल्या त्यांच्या घरी तीन वस्तू नेल्या: कॅमेरा, गिऱ्हाइकाचं स्टूल आणि पडदा.

पडद्याबद्दल सांगायलाच हवं. आमच्याकडे मुंबईच्या एका पेंटरने रंगवलेला कापडी पडदा होता. त्यावर संगमरवरी पायऱ्या, निळं तळं, तळ्यात दोन हंस आणि वर पौर्णिमेचा चंद्र. नाशिक जिल्ह्यातली कितीतरी जोडपी त्या तळ्याकाठी उभी राहून गेली आहेत.

वहिनींच्या घरामागे छोटं परस होतं. पेरू, शेवगा, कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि कपडे वाळत घालायची तार. एका सकाळी कपडे वाळत घालताना त्यांना एक चिमणी दिसली, तिचं अर्धं डोकं चुन्याच्या रंगाचं. शेजारच्या बाई म्हणाल्या, कुठेतरी रंगकाम चाललं असेल, ठिपका पडला असेल. वहिनींनी कॅमेरा आणला, फोटो काढला, मोठा करून पाहिला. ठिपका नव्हता, पिसंच तशी होती. त्या चिमणीचं नाव त्यांनी टोपीवाली ठेवलं, आणि तिथून हा नाद लागला. पुढल्या वर्षी ओल्या वाळूच्या रंगाची साळुंकी आली. शेजारच्या बाई म्हणाल्या, असा पक्षी शुभ असतो, वाटीत दूध ठेवा. वहिनी म्हणाल्या, त्यापेक्षा तुमचं मांजर घरात ठेवा, ते जास्त शुभ होईल.

पक्षी माणसाला बुजतात म्हणून त्यांनी परसात तो पडदा टांगला आणि त्याच्यामागे स्टूल टाकलं. मी एके दिवशी गेलो तर पडद्यावरचा चंद्र कातरीने गोल कापून काढलेला, आणि त्या भोकातून लेन्स बाहेर आलेली.

"वहिनी, दादांचा पडदा," मी म्हणालो.

"मग? इतकी वर्षं त्या चंद्राचा काय उपयोग झाला ते सांगा," पडद्यामागून आवाज आला. "आणि हळू बोला. गिऱ्हाईक आहे."

पेरूवर दयाळ पक्षी बसला होता. वहिनी त्याला हळू आवाजात सांगत होत्या, हनुवटी जरा खाली.

मी दोन गल्ल्या सोडून राहतो. सकाळी फिरून येताना त्यांच्याकडे चहा प्यायला जायची सवयच लागली. वहिनी दिवसभरात फार तर चार-पाच फोटो काढत. रोलच्या काळातला हात, वाया घालवायचा नाही हे अंगात मुरलेलं. कॉम्प्युटरचं मात्र त्यांना जमत नसे. कार्ड काढून माझ्या हातावर ठेवायच्या. मी घरी जाऊन फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचो, कार्ड रिकामं करून परत द्यायचो, आणि शहरात पक्षी पाहणाऱ्यांचा एक गट होता त्यांना वहिनींच्या नावाने पाठवायचो. कार्ड देताना प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "जसा आहे तसा."

मग तो बुलबुल आला. थंडीचे दिवस होते. मी परसात पाऊल टाकलं तेव्हा वहिनी स्टुलावरून अर्ध्या उठलेल्या होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी मागे हात करून मला थांबवलं. पेरूच्या फांदीवर दोन बुलबुल होते, एक नेहमीचा काळपट आणि त्याच्याशेजारी हा. मी हळूच म्हणालो, पांढरा बुलबुल. वहिनींनी फटकारलंच. "पांढरा कुठे दिसला तुम्हाला? साय आहे ती. दोन तास तापवून गार केलेल्या दुधावरची." डोळा काळा आहे, तेव्हा हा सूर्यकोड झाल्यासारखा पार रंगहीन पक्षी नाही, नुसता फिकट आहे, हे त्या कुठूनसं वाचून शिकल्या होत्या. बुडाखालचा लाल पाहून तर त्यांना हसूच आवरेना. म्हणाल्या, "बाकी सगळं धुतलं गेलं, पण कुंकू शाबूत आहे."

त्याच सुमाराला गटाने शहरात फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. वहिनींनी कार्ड माझ्या हातावर ठेवलं आणि नेहमीचं वाक्य म्हणाल्या.

घरी येऊन मी फोटो कॉम्प्युटरवर उघडला. सकाळचा उजेड मंद होता. बुलबुल मला जरा मळकट वाटला. प्रदर्शनात शंभर फोटो असतील, त्यांत हा उठून दिसणार नाही, लोकांना वाटेल धुळीने माखलेला साधाच पक्षी आहे. वहिनींचं नाव व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. एक हात मारावा, एवढंच. आयुष्यभर जे केलं ते बोटांनी आपणहून केलं. चेहरा उजळ करायचा तर आधी त्यातला लाल उतरवायचा, मग पिवळा, मग उजेड वाढवायचा. हा क्रम मला झोपेतही येतो. मी तो बुलबुलावर चालवला आणि फोटो पाठवून दिला.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी वहिनी देवळ्याहून भावाला बोलावून घेऊन आल्या होत्या. अंजिरी साडी, केसांत अबोली. आम्ही तिघं हॉलमध्ये शिरलो, भिंतीवर वहिनींच्या नावाची पट्टी होती आणि वर नुसता खिळा. फोटो सकाळीच उतरवला होता.

गटाचे प्रमुख पाठकसर म्हणून होते. त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन अदबीने सांगितलं. फिकट बुलबुलाचाही बुडाखालचा डाग लालच असतो, तो रंग सहसा जात नाही. या फोटोत तो गुलाबी आहे. मागची पेरूची पिकली पानंही फिकी पडली आहेत. म्हणजे फोटो नंतर उजळ केला आहे. पक्षी मुळात कसा होता हे आता सांगता येणार नाही. पाठकसरांवर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं.

वहिनी म्हणाल्या, "पक्षी आहे. मी हात लावलेला नाही."

मागे उभ्या असलेल्या तरुणांपैकी एक जण म्हणाला, "काकू, जमलं तर आमचे पण करून द्या की जरा गोरे. लग्नं अडलीत." चार जण हसले. वहिनींचे भाऊ खाली फरशीकडे बघत राहिले. मी पट्टीवरचं वहिनींचं नाव वाचत होतो. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ते मला सुचलंही होतं आणि तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्या हॉलमध्ये मी स्टुडिओतला जुना कारागीर म्हणून ओळखला जात होतो, आणि ज्याने वहिनींचा एक शब्द ऐकला नाही असा माणूस म्हणून मला ओळखलं जावं असं वाटेना.

वहिनींनी त्या सगळ्यांना रविवारी घरी बोलावलं. आले सगळे. परसात एवढी माणसं, एवढे कॅमेरे, कुणाचा मोबाईल वाजतोय, कुणी तळ्यातल्या हंसांबरोबर स्वतःचे फोटो काढतंय. बुलबुल कसा येणार? दुपारी मंडळी उठली. मी सबंध वेळ स्वयंपाकघरात चहा करत होतो. इतका चहा मी जन्मात केला नसेल.

प्रदर्शनातून उतरवलेला तो फोटो पाठकसरांनी माझ्याकडे दिला होता. सगळे गेल्यावर वहिनींनी तो मागून घेतला, खिडकीशी नेला आणि बराच वेळ पाहिला. मी कप विसळत होतो.

"लाल आधी काढलाय," त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. मग फोटो उलटा करून कपाटावर ठेवला आणि मला म्हणाल्या की गाळणं नीट धुवा, चहापत्ती अडकते. रंग उतरवताना लाल आधी काढायचा ही आमच्या मागच्या खोलीतली रीत होती. ती ज्यांना माहीत होती त्यांपैकी दादा गेले होते. उरलो होतो आम्ही दोघं.

पुढच्या आठवड्यात पेरूच्या फांदीवर कपड्यांचा एक निळा प्लास्टिकचा चिमटा दिसला. तसले चिमटे घरोघरी तारेवर असतात. वहिनी म्हणाल्या, "हा रंग सगळ्यांना पाठ आहे. फोटोत पक्ष्याशेजारी हा असला की झालं. कुणी पक्ष्याचा रंग हलवला तर चिमट्याचाही हलेल." कुणी, असं म्हणाल्या. त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक फोटोत तो चिमटा आहे. टोपीवालीच्या वंशातली एखादी चिमणी असो, शिंजीर असो, चिमटा आहेच. आणि त्यानंतर कार्ड माझ्या हातावर ठेवणं बंद झालं. फोटो त्यांच्याकडेच राहू लागले; गटाला पाठवणंही त्यांनी सोडलं. चहा मात्र रोजच्या रोज, साखर माझ्या मापाने. रागावून अबोला धरला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या काळात त्यांनी मला कढीपत्त्याचं रोप दिलं, माझ्या बायकोच्या गुडघ्यासाठी तेल दिलं आणि मूळव्याधीवर नको इतके सल्ले दिले.

पुढल्या हिवाळ्यात एका सकाळी मी ठरवूनच गेलो. रात्री बायकोला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, मला काय सांगता, तिला सांगा. परसात धुकं होतं. वहिनी शाल पांघरून पडद्यामागे बसल्या होत्या. त्या थंडीत त्या बऱ्याच वाळल्यासारख्या दिसत होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, "वहिनी, तो पहिला फोटो—"

त्यांनी हात वर केला. "तोच शे," त्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या. "बोलू नका."

चंद्राच्या भोकाशेजारी पडद्याला एक चीर पडली होती, तिथून मी पाहिलं. फांदीवर सायीचा बुलबुल. अंग फुगवून बसलेला, निळ्या चिमट्याच्या अगदी शेजारी. तो वळला तेव्हा त्याचा लाल दिसला. वहिनींनी वाट पाहिली. त्याने मान खाली केली, आमच्या दिशेला पाहिलं आणि वहिनींनी एकदाच बटण दाबलं. मग तो उडाला.

मी पुन्हा तोंड उघडलं. वहिनी कॅमेऱ्यातून कार्ड काढत होत्या. ते त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. इतक्या महिन्यांनी.

"हा पाठवा. जसा आहे तसा," त्या म्हणाल्या. "आणि खाली काय लिहायचं ते तुम्ही लिहा, भाऊजी. मी लिहिणार नाही."

मी तो फोटो पाठवला. रंगाला हात लावला नाही. खाली लिहिलं: बुलबुल, पंचवटी, छायाचित्र सुमन निकम. एवढंच लिहिलं. पाठकसरांनी लगेच उत्तर दिलं, या वेळी रंग खरे वाटतात, अभिनंदन. या वेळी, असं म्हणाले. म्हणजे मागच्या वेळचं तसंच राहिलं, आणि वहिनींच्या हयातीत तसंच राहिलं.

खाली जे लिहायचं होतं ते हे. गेल्या आठवड्यात मी दोन्ही फोटो, मूळचा आणि मी बिघडवलेला, माझ्या नावानिशी गटाला पाठवले आहेत. मूळचा माझ्याकडे होता, पहिल्या दिवसापासून होता. ज्यांना ताडून पाहायचं असेल त्यांनी पाहावं.

त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. कार्ड खिशात घालून मी निघालो. परसातून बाहेर पडणाऱ्या बोळाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा वहिनींनी हाक मारली. मी वळलो. धुक्यात संगमरवरी पायऱ्या, दोन हंस, आणि चंद्राच्या जागी लेन्स, माझ्यावर रोखलेली. वहिनी दिसत नव्हत्या, आवाज तेवढा आला. गिऱ्हाइकांना बोलायच्या तोच.

"हनुवटी जरा वर, भाऊजी. नजर इकडे."

सगळं आयुष्य स्टुडिओत गेलं, पण त्या कॅमेऱ्यासमोर मी कधी उभा राहिलो नव्हतो. मी पायांकडे बघत राहिलो. बटण दाबल्याचा आवाज आला. कार्ड माझ्या खिशात होतं, म्हणजे फोटो निघणार नव्हता, आणि ते त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.